दांडी परत येते, सूर येत नाही

व्हॅमी बार, म्हणजे सूर खाली-वर हलवणारी दांडी, असलेली इलेक्ट्रिक गिटार विकताना दुकानदार ती दांडी एकदा दाबून दाखवतो. दोनदा दाखवत नाही. पहिल्या दाबात सूर असा काही खाली बुडतो आणि वर येतो की गिऱ्हाईकाचा जीवही त्याच्यासोबत बुडून वर येतो. दुसरा दाब पडायच्या आत गिटार बॅगेत, बॅगेची चेन बंद आणि वर एक प्लेक्ट्रम फुकट. याला फसवणूक म्हणता येत नाही. दांडी हलते एवढंच दुकानदारानं सांगितलेलं असतं, आणि ती हलते. सूर परत जागेवर येतो असं कोणी म्हटलेलंच नसतं.

माझ्या भाच्यानं अशीच एक गिटार आणली. तो राहतो नागपुरात सदरला, मंगळवारी बाजाराच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या नमुन्यावर बनवलेली, म्हणजे नाव वेगळं, किंमत फारच वेगळी, तोंडवळा तोच. ती घरात आली त्या दिवसापासून "मामा, एक मिनिट, ट्यून करून घेतो" हे वाक्यही त्या घरात राहायला आलं. हे एक मिनिट 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो'च्या जातीतलं असतं. माझा चहा येतो, संपतो, कप विसळून पालथा घातला जातो, आणि साहेब अजून तिसऱ्या तारेवर असतात. मग एकदाचं गाणं सुरू होतं. दोन ओळी बऱ्या जातात. तिसऱ्या ओळीला तो डोळे मिटून दांडी दाबतो, सोडतो, डोळे उघडतो, आणि पुन्हा म्हणतो, "मामा, एक मिनिट."

सदरला गिटारचं नवल नाही. नागपुरातल्याच महालात किंवा इतवारीत पोरगा पाठीला गिटार लावून निघाला तर लोक विचारतात, "आर्केस्ट्रात आहेस का रे?" सदरमध्ये विचारतात, "ख्रिसमसले कुठं वाजवून राहिला?" भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट आला, त्याच्यामागे फौज, फौजेमागे बाजार, आणि बाजारामागून चर्च, कॉन्व्हेंट, पियानो आणि चार आवाजांत गाणारी मंडळी आली. रेसिडेंट गेला, रेसिडेन्सी रोड राहिला, आणि आता त्या रस्त्याच्या डोक्यावर उड्डाणपूल आहे. मंडळी मात्र अजून गातात. सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे आणि इंडियन कॉफी हाऊसही आहे, आणि गायला जाणारे आणि गाऊन आलेले यांच्यातला फरक ओळखायचा असेल तर तिथं बसावं. गाऊन आलेले दुसऱ्यांच्या चुका सांगत असतात.

अशा मोहल्ल्यात गिटार आउट, म्हणजे बेसूर, झाली तर सल्ला मागावा लागत नाही. तो बाल्कनीतून येतो. पहिला सल्ला भाच्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा. ते महावितरणच्या बिलावर नजर ठेवून बसलेले असतात, तिथूनच म्हणाले, "त्या दांडीले हात लावला की बिघडते ना? मग हात काऊन लावतो?" तर्कशास्त्राच्या दृष्टीनं यात खोट काढता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू भजनी मंडळात आहेत. त्यांनी कठड्यावरून वाकून सांगितलं, "हार्मोनियम घ्यायची होती बाप्पा. कधी उतरत नाही." हे खरं आहे. हार्मोनियम उतरत नाही, चढत नाही आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतही नाही, आणि नेमक्या या हट्टी स्वभावासाठी आकाशवाणीनं तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर उभं केलं होतं. मींड नाही म्हणून हार्मोनियमला बंदी, आणि मींड आहे म्हणून आमच्या भाच्याला घरात बंदी. पेटीवाल्यांचं दुःख निदान तीसेक वर्षांत हलकं झालं.

खालच्या शिलाई मशीनवाल्यानं मशीनचं तेल दिलं. कॉलेजातल्या एकानं सांगितलं की दहा नंबरच्या तारा टाक, त्या तगड्या असतात, उतरत नाहीत. दुसऱ्यानं स्क्रू ड्रायव्हर घेऊन ब्रिजच्या, म्हणजे खालच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीच्या, पुढचे सहाही स्क्रू गच्च आवळून दिले, कारण स्क्रू दिसला की आवळायचा ही त्याची घरची शिकवण. पण निदान सगळ्यांचं एकच होतं: चाव्या खराब आहेत. गिटारच्या डोक्यावरच्या सहा चाव्या. दोष कोणाचाही असो, कान त्यांचेच पिळायचे. शेवटी भाच्यानं पैसे साठवून लॉकवाल्या नव्या चाव्या मागवल्या. पार्सल उघडताना घरात असं वातावरण होतं की जणू मोतीबिंदूच्या पट्ट्या निघताहेत. चाव्या बसल्या, तारा लागल्या, दांडी दाबली. गिटार आउट.

हे यंत्र मुळात आहे कसं, ते इथं सांगायला हवं, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही गिटार पालथी घालून बघितली नव्हती. १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तिच्यावर ही दांडी होती. फेंडर हा हिशेबनिशी शिकलेला आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलेला माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. म्हणजे ज्यानं ही दांडी जगाच्या हातात दिली त्याच्यावर ऐन गाण्यात ती दाबून सोडायची आणि मग लोकांच्या तोंडाकडे बघायची वेळ कधी आली नाही. पण त्याची करामत साधी आणि सुंदर आहे. गिटारच्या पाठीवर प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढलं की लाकडात खणलेला चौकोनी खड्डा दिसतो. त्यात ब्रिजला जोडलेला एक धातूचा ठोकळा लोंबत असतो, आणि त्याला मागून स्प्रिंगा ओढून धरतात. जागा पाच स्प्रिंगांची, बहुतेक जण तीन लावतात. पुढून सहा तारा ब्रिजला आपल्याकडे ओढतात, मागून स्प्रिंगा आपल्याकडे. बारीक म्हणजे नऊ नंबरचा संच सुरात लावला तर सहा तारांचा मिळून ओढा साधारण ३८ किलो भरतो. दहा नंबरचा लावला तर ४६-४७. दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला की ब्रिज मधल्या मध्ये तरंगत उभा राहतो. दांडी दाबली की तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडली की स्प्रिंगा त्याला परत जागेवर आणतात.

तरंगत्या ब्रिजचा स्वभाव कळला की भाच्याच्या एका मिनिटाचं कोडं सुटतं. सहावी जाडी तार चढवून सुरात आणली की पुढचा ओढा वाढतो, ब्रिज तसूभर पुढे झुकतो, आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. मग पाचवी चढवायची, की सहावी उतरली. असं करत पहिलीपर्यंत पोचेस्तोवर सहावीनं केव्हाच पाठ फिरवलेली असते. चार फेऱ्या माराव्या लागतात, दर फेरीत भांडण थोडं कमी होतं. उलट वाजवता वाजवता एखादी तार तुटली तर पुढचा ओढा कमी पडतो, स्प्रिंगा जिंकतात, आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. साध्या गिटारवर एक तार तुटली तर पाच तारांवर वेळ मारून नेता येते. इथं एक गेली की पाचही जणी निघून जातात.

आता यात सूर हरवतो कुठं? मला हे सदरमधल्या एका जुन्या गिटारवाल्यांनी दाखवलं. सगळे त्यांना अंकल म्हणतात. रेल्वेत नोकरी झाली, तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्सला वाजवलं, आता घरी गिटारी दुरुस्त करतात. बोलणं असं की हिंदीत सुरू होतं, इंग्रजीत वळसा घेतं आणि नागपुरी मराठीत येऊन टेकतं. भाचा गिटार टेबलावर ठेवून चाव्यांबद्दल सांगायला लागला तसं त्यांनी हातानंच थांबवलं. "बेटा, चाबी को मत मारो. चाबी बेचारी नौकर है." मग त्यांनी बोलणं बंद केलं, पंखा बंद केला, आणि दांडी अगदी हळू दाबली. दाबताना कुठंतरी 'टिक्' असा बारीक आवाज झाला. मला वाटलं पालीचा. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा टिक्. "सुना?" त्यांनी बोट ठेवलं ते चावीवर नाही, ब्रिजवर नाही. गिटारची मान संपून डोकं सुरू होतं तिथं एक पांढरी पट्टी असते, सहा खाचांची. तिला नट म्हणतात. किमतीनं सगळ्या गिटारमध्ये बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू, आणि आजवर एकाही सल्लागारानं तिच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

घडतं ते असं. दांडी दाबल्यावर वाजणारी तार सैल पडते, पण नटच्या पलीकडे चावीपर्यंतचा बोटभर तुकडा अजून ताणलेला असतो. तो आपल्याकडे थोडी तार खेचून घेतो. दांडी सोडल्यावर ही तार परत अलीकडे यायला हवी. खाच घट्ट असेल तर येत नाही, तिथंच अडकून बसते, आणि वाजणारा भाग गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून दांडी दाबून सोडल्यावर सूर चढलेला राहतो. बोटानं तार ओढून सोडली, की हाच खेळ उलटा होतो आणि सूर उतरलेला राहतो. अंकलनी हे करून दाखवलं. दांडी दाबून सोडली, तिसरी तार चढली. तीच तार बोटानं एकदा जोरात ओढून सोडली, जागेवर आली. त्यांच्या तरुणपणी म्हणे ऐन गाण्यात असंच करायचे. दांडी मारायची, मग पुढच्या सुराला तार एकदा ओढायची, ऐकणाऱ्याला वाटतं काय भाव ओतला. भाव कसला, दुरुस्ती चालू असायची.

मग कारण सापडलं. नटच्या खाचा कारखान्यात नऊ नंबरच्या तारांसाठी कोरलेल्या. त्या संचात सहावी तार इंचाच्या ४२ सहस्रांश जाड असते. मित्राच्या सांगण्यावरून टाकलेल्या दहा नंबरच्या संचात ती ४६. म्हणजे तगड्या तारा आल्या त्या दारात अडकूनच बसल्या. वर ओढा आठ-नऊ किलोनं वाढलेला, आणि मागच्या स्प्रिंगा होत्या तिथंच, त्यामुळे ब्रिज मागून उचललेला. खालच्या शिंप्यानं दिलेलं तेल खाचेत मुरलं होतं, त्यावर सदरची धूळ बसली होती, आणि त्या धुळीत उड्डाणपुलाच्या बांधकामाचाही थोडा अंश असावा असा मला संशय आहे.

अंकलनी सुईसारख्या बारीक कानशीनं खाचा मोकळ्या केल्या. फार नाही, दोन-तीन हात मारायचे आणि तार घालून बघायची, कारण खाच खोल गेली की तार मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर टेकून भुणभुणते आणि मग नटच बदलावा लागतो. त्यानंतर खोक्यातून त्यांनी नटराज पेन्सिल काढली. टोक करून प्रत्येक खाचेत ते घासलं, जसं आपण परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करतो. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटवर तार घसरते. तेलासारखी धूळ धरत नाही. भाच्यानं चाव्यांवर घातलेले पैसे आणि या पेन्सिलीची किंमत यांचं गुणोत्तर काढायचा मोह मला झाला होता, पण पोराचं तोंड बघून मी छताकडे बघितलं.

डोक्यावर पहिल्या दोन तारांना खाली दाबून धरणारी एक पिटुकली पत्री असते, तिच्याखालीही पेन्सिल फिरली. ब्रिजचे सहा स्क्रू ज्या मित्रानं गच्च आवळले होते, त्याच्या नावानं अंकलनी एक शब्द उच्चारला, तो मी कॅथेड्रलच्या शेजाऱ्याकडून अपेक्षिला नव्हता. हे स्क्रू ब्रिजला दाबून धरण्यासाठी नसतात, त्यांच्यावर तो डुलण्यासाठी असतात. ते सैल झाले. मग पालथी घालून आतली स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन लांब स्क्रू थोडे आत घेतले, गिटार सुलटी केली, सुरात लावली, ब्रिजची उंची बघितली, पुन्हा पालथी. ब्रिजची मागची कड लाकडापासून तीन मिलिमीटर वर राहिली तेव्हा समाधान झालं. असं उलथापालथ चालू असताना काकूंनी पाठवलेल्या चकल्या संपल्या.

शेवटी तारा ओढणं. नवी तार काही काळ ताणतच राहते, आणि चावीवरचे तिचे वेढे हळूहळू बसतात. म्हणून प्रत्येक तार बोटांत धरून पुन्हा पुन्हा बाहेर ओढायची, पुन्हा सुरात आणायची, ती ऐकेनाशी होईपर्यंत. आणि सुरात आणायची ती नेहमी खालून चढवत. वरून उतरवत आणली तर चावीच्या दातांत सैल राहिलेला भाग नंतर केव्हातरी सुटतो, आणि तो हमखास टाळ्या पडायच्या वेळी सुटतो. अंकल तारा ओढत असताना भाचा मोबाईलवर व्हिडिओ घेत होता, आणि डोळे असे विस्फारलेले की कोणी त्याच्या कोंबडीची मान मुरगळतंय.

आपल्याकडे सूर लावण्याला फार मोठा मान आहे, पण तो तानपुऱ्यापुरता. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्यात गिटारवाल्यांना हवं ते सगळं पिढ्यान्‌पिढ्या आहे. खुंटीनं ढोबळ सूर लावायचा, मग खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी सरकवून केसाइतका फरक काढायचा, आणि घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी जुळवायची. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लॉइड रोज नावाच्या गिटारवाल्यानं वैतागून नटवर आणि ब्रिजवर तारा स्क्रूनं करकचून आवळायची युक्ती काढली. तार सरकतच नाही म्हटल्यावर अडकायचा प्रश्नच नाही. पण एकदा नट आवळला की डोक्यावरच्या चाव्या शोभेच्या उरतात. मग बारीक सूर लावायला त्यानं पुढे ब्रिजवर छोटे स्क्रू दिले. मिरजेत तेव्हा कोणाला हे कळलं असतं तर हातातला मणी सरकवत तो म्हणाला असता, बरं झालं, पोचलात एकदाचे. फ्लॉइड रोजवाल्यांना एकच त्रास असतो. मंचावर तार तुटली की षट्‌कोनी ॲलन की लागते, आणि नागपुरातल्या सगळ्या ॲलन की कोणीतरी नेलेल्या असतात आणि आणून देतोच म्हटलेलं असतं.

मान तानपुऱ्यापुरता म्हटलं ते एवढ्यासाठी की मैफलीत बुवा पंधरा मिनिटं तानपुरे लावतात, तेव्हा पुढच्या रांगेतली मंडळी डोळे मिटून मान हलवतात. रागाचं वातावरण तयार होतंय असं एकमेकांना खुणावतात. गिटारवाला मंचावर अर्ध्या मिनिटासाठी वाकला की मागून आवाज येतो, "चालू कर ना बे!" १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावली, तर पब्लिकनं गाणं झालं समजून टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले की लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. सदरमधल्या पोराच्या नशिबी असली टाळी नाही. त्याच्या लावण्यालाही टाळी नाही आणि वाजवणं सुरू होईस्तोवर लाइट गेलेली असते. जिमी हेंड्रिक्सनं वुडस्टॉकला १९६९ च्या त्या सकाळी दांडीचे जे हाल केले, आणि तारा चढत-उतरत असताना वाजवता वाजवताच जे सांभाळून घेतलं, ते करायला हेंड्रिक्सच लागतो. एरिक क्लॅप्टननं दुसरा मार्ग काढला. त्यानं स्ट्रॅटोकास्टरच्या आत ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जाम करून टाकला. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कोण म्हणालास? बरा माणूस दिसते."

गिटार दुरुस्त झाली, पण नागपूर दुरुस्त होत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे तापमानाबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी लोक मान्य करतात. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, हवामान खात्याला पुढे येऊन सेन्सर बिघडला होता असं सांगावं लागलं, आणि निम्म्या नागपूरला आकडा खोटा निघाल्याचं वाईट वाटलं. अशा उन्हात पोलादी तारा पसरतात आणि सूर उतरतो. मग भाचा गिटार घेऊन कूलरसमोर बसतो. बाहेरची हवा वाळलेल्या मिरचीसारखी कोरडी, कूलरची ओलीचिंब, आणि गिटारची मान लाकडाची. दुपारी ती कूलरचं पाणी पिते, रात्री कूलर बंद झाला की वाळते, आणि या फुगण्या-सुकण्यात मानेचा बाक बदलतो आणि सकाळी सहाही तारा वेगळ्या गावच्या असतात.

त्यात ट्यूनर मोबाईलमधला, कान असलेला. भाच्यानं एकदा मला हाक मारून दाखवलं. गिटार गादीवर पडलेली, तारेला कोणाचा हात नाही, आणि पडद्यावर 'जी' हा सूर, किंचित चढलेला. घरात भुताटकी आहे की काय म्हणून आम्ही थोडं मागे सरकलो. मग कूलर बंद केला आणि सूर नाहीसा झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरची मोटर ५० आणि १०० हर्ट्झवर गुणगुणते, आणि ९८ हर्ट्झ म्हणजे 'जी'. त्यामुळे मे महिन्यात सदरच्या प्रत्येक घरात एक 'जी' चालूच असतो, जरा चढा. भाच्यानं ट्यूनरची तार थेट गिटारला लावायचा खरा उपाय केला, पण मधल्या काळात तो कूलरलाच ट्यून करत होता, असं त्याच्या आईचं म्हणणं आहे.

डिसेंबरात मात्र हवा गिटारच्या बाजूनं असते. यंदा सदरमधल्या एका हॉलमध्ये कॅरोलच्या कार्यक्रमाची तालीम होती. मला नेलं होतं कारण ॲम्प्लिफायर उचलायला माणूस हवा होता. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू, मोर्च्यांमुळे निम्मे रस्ते वळवलेले. ड्रमवाला तासभर उशिरा आला आणि आल्या आल्या पोलिसांच्या नावानं दहा मिनिटं बोलला. झीरो माईलच्या खांबाला वळसा घालून त्याला तीनदा तिथंच परत आणलं म्हणे. तोवर भाच्यानं गिटार शांतपणे लावून ठेवली होती, खालून वर चढवत, तारा ओढून. खाचांतली पेन्सिल ताजी होती.

गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात तो दांडीला लागलाच नाही. दुसऱ्याच्या शेवटी लांब सूर होता, तो त्यानं घेतला आणि दांडी हळूहळू दाबत नेली. सूर खाली गेला, आणखी खाली, तारा फळीवर लोळायला आल्या, आणि मग त्यानं हात सोडला. मी श्वास धरला होता. ती तार वर आली आणि नेमक्या जागी थांबली. चढी नाही, उतरी नाही. टिक् नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत अंकल बसले होते, त्यांनी माझ्याकडे न बघताच मांडीवर एक थाप मारली.

त्याच क्षणी कीबोर्डवाल्यानं तिसऱ्या कडव्याची सुरुवात केली. मधल्या विश्रांतीत कोणीतरी पोर त्याच्या बटणांशी खेळून गेलं होतं आणि ट्रान्सपोजचा आकडा शून्यावरून एकवर गेला होता. सगळा कीबोर्ड अर्धा सूर वर. गाणाऱ्या बायका मध्येच कुठंतरी लोंबकळल्या, बास थांबला, ड्रमवाल्यानं काठ्या वर धरल्या, आणि हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम माना वळवून गिटारकडे बघितलं.

"बघ बाप्पा," कोणीतरी म्हणालं, "चाव्या बदलून घे."